उरलेलं अन्न कुठे द्यायचं? नागपुरातल्या आमच्या पॅन्ट्रीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि पॅन्ट्रीच्या दारात उभं राहून लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. अन्न आत्ता समोर उरलेलं असेल आणि घाई असेल, तर थेट प्रश्न ५ आणि ६ वाचा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

१. ही पॅन्ट्री म्हणजे अन्नछत्र आहे का?

नाही. अन्नछत्रात स्वयंपाक होतो, आम्ही काही शिजवत नाही. घरं, मेस, किराणा दुकानं, बेकऱ्या, लग्नाचे लॉन, भंडारे यांच्याकडे जे चांगलं अन्न जास्तीचं होतं ते आम्ही आणतो, तपासतो, त्यावर चिठ्ठी लावतो आणि मांडून ठेवतो. ज्याला हवं तो घेऊन जातो. पैसे घेत नाही. काम करणारे सगळे आपापली नोकरी, घर, कॉलेज सांभाळून येतात.

आमची खोली मेडिकल चौकाच्या बाजूला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाजवळ आहे, त्यामुळे शिजवलेलं अन्न जास्त करून रुग्णांच्या नातेवाइकांकडे जातं. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ, पलीकडून छिंदवाडा, बालाघाट, सिवनी इथून माणसं पेशंट घेऊन येतात आणि दिवसच्या दिवस वॉर्डाबाहेर काढतात. त्यांच्याकडे चूल नसते, म्हणून त्यांना तांदूळ देऊन उपयोग नाही, तयार जेवणच लागतं. कोरडा शिधा मात्र आसपासच्या वस्त्यांतल्या घरांत जातो.

२. घ्यायला यायचं तर आधार कार्ड, रेशन कार्ड काही दाखवावं लागतं का?

काहीही नाही. नावसुद्धा विचारत नाही. सकाळी ९ ते ११ आणि संध्याकाळी ६ ते ९ दार उघडं असतं. आपला डबा किंवा पिशवी आणली तर बरं. नसेल तर आमच्याकडे धुतलेले डबे असतात, ते दुसऱ्या दिवशी परत करा.

३. तुमच्याकडे बाईकवर येणारे लोकही अन्न नेतात. मग खऱ्या गरजूला मिळतं हे कशावरून?

हा प्रश्न देणारे विचारतात आणि तळमळीने विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गरज चेहऱ्यावर, कपड्यांवर दिसत नाही. ज्याची नोकरी मागच्या महिन्यात सुटली त्याची बाईक अजून दारात असते. बाहेरगावाहून परीक्षेच्या तयारीला आलेल्या मुलाचा शर्ट इस्त्रीचा असतो आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो एकवेळ जेवत असतो. आम्ही दारात चौकशी लावली, तर धीट माणूस काहीतरी सांगून आत येईल आणि लाजणारा परत जाईल. म्हणजे ज्याच्यासाठी चौकशी करायची, तोच उपाशी राहील.

आणि दुसरं, इथलं अन्न हे उरलेलं आहे. ते कोणाच्याही पोटात गेलं तरी वाचलंच. ज्याला खरोखर गरज नाही असा एखादा माणूस चार पोळ्या घेऊन गेला, तर आमचं काही बिघडत नाही. एखादी बाई "तुम्ही कुठल्या, काय करता" या प्रश्नांना घाबरून रिकाम्या हाताने परत गेली, तर मात्र सगळंच बिघडलं.

एकच मर्यादा आहे. गर्दीच्या वेळी एका माणसाने किती न्यायचं हे त्या दिवशीचा स्वयंसेवक सांगतो. शेवटच्या अर्ध्या तासात ती मर्यादाही उठते, हवं तितकं न्या. कुणी सगळं घेऊन जाऊन विकतो असा संशय आला, तर आम्ही त्याच्याशी बाजूला बोलतो, चारचौघांत नाही.

४. काय दिलेलं चालतं आणि काय चालत नाही?

बंद पाकिटातला किराणा, धान्य, डाळी, साखर, चहा, मीठ, बिस्किटं, ताज्या भाज्या आणि फळं, अंडी, पिशवीबंद दूध, त्याच दिवशीचा ब्रेड, आणि वेळेत आलेलं शिजवलेलं अन्न चालतं. पाकीट फोडलेलं तेल, तूप, तिखट, घरी केलेली लोणची आणि फुगलेले डबे चालत नाहीत. सोंडे लागलेलं धान्यही देऊ नका. ते चाळून, ऊन दाखवून घरी वापरता येतं, पण दुसऱ्याच्या हातात तसं देऊ नये.

ताटातलं उष्टं कधीच घेत नाही, मग कितीही "हात लावलेला नाही" असं सांगितलं तरी. औषधं आणि बाळाचं दूध यांचं प्रश्न १३ मध्ये आहे, तारखांचं प्रश्न ८ मध्ये.

५. भाऊ, लग्नाचं जेवण उरलंय, चार गंज (मोठी पातेली) भरून. रात्रीचे साडेअकरा झालेत. आत्ता याल का?

सगळ्यात जास्त येणारा फोन हाच आहे. आम्ही पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो: अन्न भट्टीवरून कधी उतरलं?

रात्रीच्या रिसेप्शनचा स्वयंपाक पुष्कळदा संध्याकाळी पाच-साडेपाचला तयार होतो. पाहुणे साडेआठ-नऊला जेवायला येतात. उरलंय हे घरच्यांच्या लक्षात येतं अकराच्या पुढे, हॉल रिकामा करायची घाई सुरू झाल्यावर. म्हणजे आम्हाला फोन येतो तेव्हा त्या भाताला सहा तास होऊन गेलेले असतात. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून आमचा नियम असा आहे की या मधल्या तापमानात एकूण चार तासांपेक्षा जास्त राहिलेलं अन्न घ्यायचं नाही, आणि मार्च ते जून दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं नाही.

पण त्याच लग्नात सगळं अन्न एकसारखं राहिलेलं नसतं. बफेच्या काउंटरवर उघडं पडलेलं, शेकडो लोकांनी तोच चमचा घालून घेतलेलं अन्न आम्ही नेत नाही. मागे भट्टीजवळ गंजात झाकून, मंद आचेवर वाफाळत ठेवलेली आलू-वांग्याची भाजी किंवा वरण असेल, तर रात्री बारालाही निघतो. जो कॅटरर काउंटरवर थोडं थोडं भरतो आणि बाकीचं मागे गरम ठेवतो, त्याच्याकडचं जवळजवळ सगळं वाचतं. जो सुरुवातीलाच सगळं पुढे मांडतो, त्याच्याकडचं बहुतेक जातं. लग्न ठरवताना मेन्यूबरोबर ही गोष्टही आचाऱ्याशी बोलून घ्या. याला एक रुपया जास्त लागत नाही.

आणि फोन साडेअकराला करू नका, साडेनऊला करा. निम्मे पाहुणे जेवून झाले की काय उरणार याचा आचाऱ्याला अंदाज आलेला असतो, फक्त त्याला कुणी विचारत नाही. घरातल्या एका माणसावर, शक्यतो ज्याला फोटोंत उभं राहायचं नाही अशा काका-मामांवर, हे काम आधीच सोपवा.

पुऱ्या, बुंदी, कोरडी शेव यांना वेळेचा इतका जाच नाही. त्या झाकून ठेवल्या असतील तर सकाळी कळवलं तरी चालतं.

६. तुम्ही येईपर्यंत आम्ही काय करायचं?

गरम आहे ते गरमच ठेवा, आच बंद करू नका. भाताचा गंज खाली उतरला असेल तर तो तसाच झाकून ठेवू नका. मोठ्या गंजाच्या पोटातला भात तासन्तास कोमट राहतो, आणि कोमट हीच सगळ्यात वाईट अवस्था. परातींमध्ये दोन बोटं जाडीचा थर पसरा, वाफ जाऊ द्या, मग स्वच्छ कापडाने झाका. वेगवेगळे पदार्थ एकत्र करू नका. जागा वाचवायला वरणात भात ओततात, तसं झालं की आम्हाला काहीच नेता येत नाही. कोशिंबीर, दही, मठ्ठा, चटणी वेगळी ठेवा. कच्चा कांदा-काकडी कापलेली असेल तर ती देऊ नका.

वर्तमानपत्रात काही गुंडाळू नका. छापील शाईमुळे खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) मनाई आहे. आपल्याकडे पोह्यांच्या ठेल्यांवर अजून ते चालतं, पण इथे चालणार नाही. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम भाजीही नको.

७. ताई, भाताला काहीच वास नाही, मी चाखून बघितला. उकळून, वाफवून दिला तर काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि ती ऐकून अनेकांना राग येतो, हे माहीत आहे. आपल्या घरांत शिळा भात फोडणी देऊन खायची सवय आहे, त्यामुळे हा नकार उगाचचा वाटतो.

तांदळात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू असतात. त्यांची बीजं शिजवल्यावरही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती रुजतात आणि विष तयार करतात, ज्याने उलट्या होतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. ना वास येतो, ना चव बदलते. हाताळणाऱ्याच्या हातावरून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकोकसचंही तसंच आहे, त्याचं विषही उकळून नष्ट होत नाही. म्हणून आम्ही नाकाने तपासत नाही, घड्याळाने तपासतो.

घरी रात्रीचा भात लगेच फ्रिजमध्ये गेलेला असतो आणि खाणारी चार माणसं धडधाकट असतात. इथून नेलेला भात वॉर्डाबाहेर रात्रभर जागलेली बाई खाते. तिला उलट्या झाल्या तर आत तिच्या पेशंटजवळ बसायला कोणी नाही.

८. पाकिटावरची तारीख कालच उलटली. फेकवत नाही. घ्याल का?

नाही. तारखा दोन प्रकारच्या असतात. एक्सपायरी किंवा यूज बाय उलटली की ते खायचंच नाही. बेस्ट बिफोर ही दर्जाची तारीख आहे. त्यानंतर बिस्किट मऊ पडेल, चहाचा स्वाद उतरेल, पण ते लगेच बाधतं असं नाही. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनी उत्पादनाची तारीख आणि एक्सपायरी किंवा यूज बाय छापणं बंधनकारक केलं, बेस्ट बिफोर आता जोडीला छापता येतं.

बेस्ट बिफोर उलटलेलं पाकीट तुम्ही घरी खुशाल वापरा. आम्ही मात्र तेही मांडत नाही. घरात तुम्ही तारीख बघून, ठरवून खाता. इथे येणाऱ्याला "हे नको, दुसरं द्या" म्हणणं अवघड जातं. कोरड्या वस्तूंवर निदान आठवडाभराची मुदत शिल्लक असावी, इतकं बघा. दुकानदारांनी तारीख जवळ आलेला माल महिनाभर आधी बाजूला काढून कळवला, तर तो व्यवस्थित खपतो.

९. दिवाळीनंतर मिठाईचे डबे खूप साठतात. ते?

खव्याची, छेन्याची मिठाई असेल तर घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी द्या, आठवड्याने नाही. दुकानातल्या सुट्या मिठाईसमोर बेस्ट बिफोरची तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचं आहे. घेताना ती बघून डब्यावर पेनाने लिहून ठेवा, म्हणजे आम्हाला कळेल. संत्रा बर्फी, सोनपापडी बंद डब्यात असेल तर डब्यावरचीच तारीख बघतो. घरचे लाडू, चिवडा, शंकरपाळे आनंदाने घेतो, फक्त कधी केले ते चिठ्ठीवर लिहा. त्यात शेंगदाणे, काजू, तीळ आहेत का तेही लिहा. काही लोकांना ते बाधतात.

१०. घरात फक्त दोन माणसांपुरती भाजी-पोळी उरली. इतक्यासाठी यायचं का?

या. आमच्या दारात मोठ्या गंजांपेक्षा असे डबे जास्त विश्वासाचे असतात, कारण ते दुपारी एकला शिजतात, लगेच फ्रिजमध्ये जातात आणि संध्याकाळी सहाला आमच्या फ्रिजमध्ये येतात. डब्यावर पदार्थाचं नाव आणि शिजवल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी लावा. तुमचं नाव नको.

११. आमच्याकडे तेरवीचं जेवण उरलं आहे. देऊ शकतो का? सांगावं लागेल का?

देऊ शकता आणि सांगावं लागेल. आम्ही डब्यावर "तेरवी" असं लिहितो.

हे लिहू नका असं अनेकजण म्हणतात. अन्न चांगलं असतं, लिहिलं की उगाच मागे राहतं, असं त्यांचं म्हणणं. काही डबे मागे राहतात हे खरं आहे. पण ज्यांच्या घरात परक्याच्या तेरवीचं खात नाहीत, त्यांना न सांगता ते खाऊ घालायचा अधिकार आम्हाला कोणी दिला? फुकट मिळतंय म्हणून माणसाची श्रद्धा, पथ्य, आवडनिवड संपत नाही. ज्यांना चालतं ते नेतात, आणि पुष्कळांना चालतं.

देवाच्या प्रसादाचंही असंच करतो. रामनवमी, हनुमान जयंती, गणपती यांच्या भंडाऱ्यांमधून आलेल्या अन्नावर "प्रसाद" लिहिलेलं असतं. काहीजण तेच शोधून घेतात, काहीजण त्यांच्या धर्मामुळे घेत नाहीत. दोघांनाही वाचून ठरवता यावं.

१२. महालक्ष्मीचं जेवण घराबाहेर द्यायचं नाही असं सासूबाई म्हणतात. मग इतकं उरतं त्याचं काय?

काही घरांत महालक्ष्मीचा (गौरींचा) प्रसाद उंबऱ्याबाहेर जात नाही. ती रीत मोडा असं आम्ही सांगणार नाही. पण नैवेद्याचं ताट आणि पाहुण्यांसाठीचा स्वयंपाक या दोन वेगळ्या गोष्टी असतात. आमच्याकडे देणाऱ्या काही काकू पाहुण्यांसाठीच्या पुरणपोळ्या आणि भाज्या आधीच वेगळ्या काढून ठेवतात. ते सासूबाईंना विचारून बघा. तेही नसेल जमत, तर सोळा भाज्या कराच, पण प्रत्येकीचं माप कमी ठेवा.

१३. बाळाच्या दुधाची पावडर उरली आहे, डबा सीलबंद आहे. आणि काही औषधंही आहेत.

दोन्ही घेत नाही. बाळाच्या पावडरीबद्दल वाईट वाटतं, कारण डबा महाग असतो आणि द्यायची इच्छा चांगली असते. पण १९९२ च्या शिशु-दुग्धपर्याय कायद्यानुसार ही पावडर आणि दूध पाजायच्या बाटल्या दान करायला किंवा वाटायला मनाई आहे. अपवाद फक्त अनाथालयांचा. फुकटचा डबा मिळाला की अंगावरचं दूध मागे पडतं आणि डबा संपल्यावर बाळाचे हाल होतात, म्हणून हा कायदा आहे. जवळच्या अनाथालयात चौकशी करा.

औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुणाच्या हातात देणं धोक्याचं आहे. मध दिलात तर घेतो, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला तो द्यायचा नाही, हे बाटलीवर लिहून ठेवतो.

१४. नॉनव्हेज चालतं का? आमच्याकडे सावजी पद्धतीचं मटण उरलंय.

चालतं. त्यासाठी वेगळा फ्रिज, वेगळे डबे, वेगळे चमचे आहेत. मटण-चिकन फक्त हॉटेल, मेस किंवा कॅटररकडून घेतो, घरगुती घेत नाही, आणि वेळेच्या नियमात मिनिटाचीही सूट देत नाही. कच्चं मांस-मासे कधीच नाही. बंद पाकिटांवर शाकाहारासाठी हिरवा ठिपका आणि मांसाहारासाठी तपकिरी त्रिकोण असतो, तो बघून मांडणी करतो. सावजी असेल तर "तिखट" असंही लिहितो, कारण बाहेरगावच्या माणसाला अंदाज नसतो.

१५. शेतातून भाजी, संत्री, डाळ आणून देऊ का?

जरूर. बाजारात भाव पडला की भाजी तोडायची मजुरीही निघत नाही, अशा वेळी कळमन्यात नेण्याऐवजी थोडी इकडे आणा. डागाळलेली, बारीक संत्री आम्हाला पूर्ण चालतात, फक्त बुरशी आलेली आधीच वेचून काढा. एक कुजलं की पेटीभर पसरतं. पालेभाजी आणि सांबार (कोथिंबीर) सकाळी आणा, दुपारच्या उन्हात ते वाटेतच मान टाकतं. लाखोळीची डाळ मात्र आम्ही ठेवत नाही. ती रोजच्या रोज, भरपूर खाण्यात राहिली तर पाय लुळे पडण्याचा आजार होतो, आणि इथून नेणाऱ्या घरात तीच रोज शिजण्याची शक्यता जास्त असते.

१६. तुम्ही नाकारलेलं अन्न गायीला घातलं तर पुण्य तरी लागेल ना?

कृपा करून गंजभर भात किंवा टोपलंभर पोळ्या गायीपुढे ओतू नका. गायीचं पोट चाऱ्यासाठी आहे. शिजवलेला भात, पोळ्या, गोड एकदम जास्त खाल्लं की तिच्या पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतं आणि जनावर दगावूही शकतं. अन्न पिशवीसकट टाकलं तर प्लॅस्टिक पोटात जातं ते वेगळंच.

नाकारलेलं अन्न खतात जातं. आमच्याकडे छोटा खड्डा आहे. त्यात वाळलेल्या पानांचे थर देऊन थोडं थोडं मुरवतो. मोठ्या प्रमाणावर असेल तर ओल्या कचऱ्यात वेगळं द्या. सुक्यात मिसळून भांडेवाडीच्या ढिगाऱ्यात गेलं तर ते हवेशिवाय कुजतं आणि त्यातून मिथेन निघतो.

१७. आमचं अन्न खाऊन कुणाला बाधलं तर जबाबदारी कुणाची?

अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली २०१९ साली उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याचे वेगळे नियम आले. वाटणाऱ्याने नोंदणी करावी, काय आलं, कुठून आलं, कधी वाटलं याची नोंद ठेवावी, असं त्यात आहे. आमचा चौदा अंकी नोंदणी क्रमांक दारावर लावलेला आहे. तुम्ही आणलेल्या अन्नाची वेळ, पदार्थ आणि तापमान आम्ही वहीत लिहितो आणि तुमची सही घेतो. प्रत्येक मोठ्या गंजातला एक छोटा डबा नमुना म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रिजमध्ये राहतो.

सही मागितली की काहीजण बिचकतात. पण शिजवल्याची वेळ खरी सांगणं ही देणाऱ्याची जबाबदारी आहे, ती आम्ही आमच्या अंगावर घेऊ शकत नाही. वेळ सांगता येत नसेल तर अन्न परत न्या.

१८. उन्हाळ्यात आणि लाईट गेल्यावर कसं करता?

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी अकरा ते पाच आम्ही शिजवलेलं काहीच आणत नाही. नवतप्यात (मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) तर संध्याकाळीही फक्त कोरडं, फळं आणि बंद पाकिटातलं ताक. लाईट गेली की फ्रिजला कुलूप लावतो. दार उघडलं नाही तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. त्याहून जास्त वेळ गेली तर आतलं शिजवलेलं अन्न आणि दूध काढून टाकतो. त्या दिवशी रांगेतल्या माणसांना खरं कारण सांगतो.

१९. पैसे दिले तर चालतील का? पावती, ८०जी मिळेल?

रोख घेत नाही. जागेचं भाडं आणि वीजबिल आम्ही आपसांत वाटून घेतो. द्यायचंच असेल तर झाकणाचे स्टीलचे डबे, परात, स्वयंपाकघरात वापरायचा थर्मामीटर द्या. ८०जीची (दानावरची आयकरातली) सवलत वस्तूरूपाने दिलेल्या दानाला लागू होत नाही, म्हणजे अन्नाला नाहीच. त्यासाठी आमच्याकडे पावती मागू नका.

२०. मुलाचा वाढदिवस आहे. त्याच्या हाताने वाटप करून फोटो काढता येईल का?

मुलाला घेऊन या, तो डब्यांवर चिठ्ठ्या लावेल, संत्री वेचेल, पोळ्या मोजून बांधेल. मुलांना ते काम खूप आवडतं. पण घेणाऱ्या माणसाचा फोटो काढता येणार नाही, पाठमोराही नाही. घेताना आपला फोटो निघतोय हे कळलं की माणूस पुढच्या वेळी येत नाही. केक आणत असाल तर क्रीमचा नको, साधा आणा.

२१. मला मदत करायची आहे, पण वेळ फक्त रविवारी. चालेल?

चालेल. रविवारी सगळ्यात जास्त भांडी घासायची असतात. बाकी दिवसांत स्कूटरवरून अन्न आणणं, तारखा तपासणं, फ्रिजचं तापमान लिहिणं अशी कामं असतात. जुलाब किंवा उलट्या होत असतील तर थांबल्यानंतर दोन दिवस येऊ नका. हातावर जखम असेल तर त्या दिवशी वही सांभाळा, अन्नाला हात लावू नका.

२२. आमचं मंगल कार्यालय आहे, सीझनमध्ये रोजच उरतं. रोज न्याल का?

नेऊ, पण आधी बसून बोलू. रोज उरतंय म्हणजे अंदाज रोज चुकतोय. ८०० पत्रिका गेल्या म्हणून ८०० पानं धरली जातात, त्यात यजमानाचं "कमी पडायला नको" आणि आचाऱ्याचं स्वतःचं वाढीव माप मिसळतं. त्या तारखेला गावात लग्नं किती आहेत, पाऊस आहे का, वार कोणता, यावर माणसं कमी-जास्त होतात. भात आणि पोळ्या दोन टप्प्यांत करायला लावणं हा सगळ्यात सोपा उपाय आहे: पहिली खेप सत्तर टक्क्यांची, दुसरी गर्दी बघून.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात २०२२ साली जगभर १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज आहे. त्यातलं सुमारे साठ टक्के घरांमधलं आहे, आणि भारतातल्या घरांसाठीचा आकडा माणशी वर्षाला ५५ किलोच्या आसपास धरला आहे. पॅन्ट्री त्यातलं फार थोडं वाचवू शकते. तुमच्याकडून आमच्याकडे येणारे गंज कमी झाले तर आम्हाला बरंच वाटेल.

२३. कामठी, हिंगणा, वाडी इकडे याल का?

दिवसा कोरडा माल असेल तर येतो. रात्रीचं शिजवलेलं अन्न तिकडून आणायला वेळ जातो आणि तोपर्यंत ते नियमाबाहेर जातं (प्रश्न ५). त्यापेक्षा तिकडेच सुरू करा. एक सावलीतली खोली, एक चालू फ्रिज, एक वही आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी दार उघडणारी चार-पाच माणसं पुरतात. एफएसएसएआयची नोंदणी आधी करून घ्या. सुरुवातीला फक्त कोरडा शिधा आणि फळं ठेवा, हात बसला की शिजवलेलं. आमची वही आणि चिठ्ठ्यांचे नमुने बघायला कधीही या.

२४. काकू, आमचे गंज आणि पराती परत कधी मिळतील?

दुसऱ्या दिवशी दुपारी १२ नंतर, घासून ठेवलेले असतात. आणताना बुडाला तेलरंगाने नाव घाला. लग्नाच्या सीझनमध्ये सारखे दिसणारे इतके गंज येतात की खूण नसली तर तासभर शोधावं लागतं. भाड्याची भांडी असतील तर तसं आधीच सांगा, ती रात्रीच रिकामी करून देतो.